होंगेच्या पानावरची रेघ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. ज्या पतंगाचं वर्णन माझ्या नावानं छापून आलंय, तो मला सापडलेला नाही. तो मिसना सापडला. आणि मी त्यांच्याशी खोटं बोललो.

मिस म्हणजे मैसूरला आमच्या शेजारी राहणाऱ्या निवृत्त ड्रॉइंग टीचर. सगळी गल्ली त्यांना मिसच म्हणायची. त्यांचे पणजोबा मैसूरच्या फौजेत आलेले. घरात मराठी, पण निम्मी कन्नड. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो, म्हणून त्यांचा माझ्यावर हक्क. कंपाउंडवरून हाक यायची, "अय्यो, नोडो, बघ इकडे! तुझं खातं आहे हे."

एकदा त्यांनी माझ्यापुढे होंगेचं, म्हणजे आपल्या करंजाचं पान धरलं. पानावर पांढरी, वळत वळत रुंद होत गेलेली रेघ होती.

"ही कुणी काढली सांग. चाळीस वर्षं पोरांचे हात बघितले, असा सुटलेला हात नाही बघितला."

मी सांगितलं, पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये एक अळी राहते. ती खात खात पुढे जाते, तिचीच ही वाट.

"आत राहून? हे एवढ्या पातळ पानात?" मिस खुर्चीवर बसल्याच.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या खिडकीत लोणच्याच्या सात बरण्या लागल्या. प्रत्येकीत पानं, तोंडाला जुन्या साडीचा तुकडा. कॉलेजला जाताना हजेरी द्यावी लागे. सहा बरण्यांतून बारीक गांधीलमाश्याच निघाल्या. त्या अळ्यांना आतूनच खातात. मिस तावातावानं म्हणाल्या, "कळ्ळ! चोर मेले!"

सातवीतून पतंग निघाला.

तुम्ही लहान पतंग पाहिले असतील, पण हा तांदळाच्या कणीएवढा होता. मी तो भिंगाखाली धरला. चंदेरी पंख, त्यावर दोन केशरी पट्टे, टोकाला काळा ठिपका आणि कडेला झालर. मिसनी पदर नाकावर धरला; आपल्या श्वासानं उडेल म्हणून. "सुम्ने बघ. बोलू नको." पण मीच ओरडलो, "मिस, हा कुठल्याच पुस्तकात नाही हो!" त्या दिवशी त्यांनी मला चिरोटी खायला घातली आणि संध्याकाळपर्यंत बसून पतंगाचं चित्र काढलं. मग पतंग टाचणीला लावला, तेव्हा खालच्या चिठ्ठीवर त्यांनीच गाव, झाड आणि स्वतःचं नाव लिहिलं. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं, एकही डाग नाही.

आता एकच काम उरलं होतं. एवढ्याशा पतंगात रंगावर विसंबता येत नाही. नराच्या शेपटाकडचे अवयव जातीजातीत वेगळे असतात. त्यांवरून खात्री होते. त्यासाठी पोटाचा भाग सोडवून कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात मऊ करायचा असतो. आमचा नर एकच. खरं तर त्या पाण्यात रात्रभर थंडच ठेवायचा, पण मला त्याच दिवशी निकाल हवा होता. मी तो गरम करायला ठेवला आणि जाणकाराला पत्र लिहायला बसलो, "नवी जात सापडली आहे..." दोन पानं लिहून झाली. परत बघतो तर काचेत नुसतं पिवळट पाणी. सगळं विरघळलं होतं.

मिस फाटकातच उभ्या होत्या. "काय झालं? नवाच ना?"

"नाही मिस. जुनाच आहे. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी वर्णन केलंय."

मी हे का म्हणालो? चूक झाली म्हणायची लाज वाटली, एवढंच. त्या म्हणाल्या, "असू दे. आपल्याआधी कुणीतरी एवढं निरखून बघितलं होतं, अल्वा, हो की नाही?" मलाच धीर देत होत्या. बरण्या धुऊन परत लोणच्याला लागल्या. "जुनाच असेल तर पानं उगाच कशाला तोडायची?"

पुढच्या वर्षी मिस आपल्या मुलाकडे बंगळूरला राहायला गेल्या. गटाराच्या कामात त्यांच्या दारातलं होंगेचं झाडही गेलं.

त्यानंतर बेट्टदपुरच्या डोंगराच्या पायथ्याशी मला होंगेवर तीच रेघ दिसली. मी रस्त्यात उड्या मारल्या. पिशवीभर पानं आणली. अकरा पतंग निघाले, त्यांत पाच नर. या खेपेला थंड पाणी, अख्खी रात्र. सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं ते कुणीच कधी वर्णिलेलं नव्हतं. नवी जात! पहिला विचार आला, मिसना फोन करावा. नंबर अर्धा फिरवला. पण फोन केला असता तर आधीचं खोटंही सांगावं लागलं असतं. मी रिसीव्हर खाली ठेवला.

निबंधात गाव बेट्टदपुर आणि शोधणारा मी. छापून आला, सत्कार झाला. दोन महिन्यांनी बंगळूरहून मिस वारल्याचं कळलं.

त्यांचा पतंग माझ्या पेटीत आहे. पोट नाही, पंख शाबूत. निबंधात मी त्याचा उल्लेख केला नाही.

जातीला मिसचं नाव द्यावं म्हटलं, तर एकदा ठेवलेलं नाव आता बदलता येत नाही, तसा नियम आहे. पण पुरवणी टीप छापता येते. ही जात पहिल्यांदा मैसूरला मिसनी वाढवली आणि पाहिली, तो नमुना माझ्या हातून खराब झाला, आणि मी त्यांना खोटं सांगितलं, हे त्यांच्या पूर्ण नावासकट लिहायचं माझ्याकडे राहिलं आहे. त्यांच्या मुलालाही मी अजून काही सांगितलेलं नाही.