सदाफुलीचं पान

सकाळी कुंडीतल्या सदाफुलीवर एक अळी दिसली. तिने पानाची कड चाखली आणि लगेच मागे फिरली. पानातल्या अल्कलॉइडांची कडू चव तिला नको झाली असावी. झाडाला पळता येत नाही, म्हणून ते कडू होतं, असं मी वनस्पतिशास्त्राच्या वर्गात वर्षानुवर्षं शिकवत आलो.

माझी पत्नी चार महिन्यांपूर्वी गेली. त्याआधी वर्षभर ती अंथरुणातच होती आणि तिचं बोलणं फार कडवट झालं होतं.

"बसा की जरा. पुस्तकं काय कुठं पळून जातायत? पळता येत नाही ते मला," ती एकदा म्हणाली.

"तू आधी नीट बोलायला लाग," असं म्हणून मी तिच्या खोलीचं दार ओढून घेतलं, आणि पलीकडे जाऊन उद्याचा धडा वाचत बसलो.