व्याह्यांसाठी खुर्ची

लग्नाला जेमतेम चार महिने झालेत. एवढ्यात माणसाकडे सासरच्या फार तर दोन-तीन गोष्टी जमाव्यात. माझ्याकडे एका खुर्चीच्याच इतक्या आहेत! मी फारशी बोलत नाही, त्यामुळे साठत जातात.

आमचं घर अष्टमीत, पूल ओलांडला की रोहा. सासऱ्यांना सगळे आप्पा म्हणतात. कंपनीतून रिटायर झाले आणि सुतारकीला लागले. माझे बाबा पेणहून पहिल्यांदाच येणार होते. पण लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हा बाबांचा नेम. मला तेच लागून राहिलं होतं.

आप्पा म्हणाले, "पाणी नाय तर नाय. बसतील तरी ना? अंगणात खुर्ची अशी करतो, की माणूस उठायचाच नाय!"

*

माहेरी चार दिवस राहून आम्ही दोघं परत आलो, तर खोलीत पलंगच नाही! गादी जमिनीवर. मी यांच्याकडे पाहिलं, यांनी भिंतीकडे.

अंगणातून आप्पांचा आवाज, "अस्सल सागवान हाय गो! तुम्ही काय, तरुण माणसं!"

*

मग पेणला फोन. "विहीणबाई, व्याह्यांचा गुडघा जमिनीपासून किती इंच?"

आई हादरलीच. नंतर फोनवर मला हळूच म्हणाली, "ऑपरेशन करतात काय गो हे?"

तरी दुपारी बाबा झोपले असताना तिनं शिवणाच्या टेपनं मोजलं. साडेसतरा!

*

खुर्ची उभी राहिली. जवसाच्या तेलाचा हात दिला आणि उन्हात ठेवली. आप्पा अंघोळीहून येतात तो बैठकीवर सासूबाईंचे पोह्याचे पापड!

"उन्हातली एवढी जागा रिकामी ठेवू?" सासूबाई म्हणाल्या.

रात्री तेच पापड पानात आले. आप्पांनी एक मोडून खाल्ला आणि म्हणाले, "तळायला तेल कमी लागलं असेल ना?"

*

आता बाबांविषयी. ते पेणला गणपतींच्या कारखान्यात रंगकाम करतात. ओलं की सुकं, हे बोटाच्या पाठीनं बघितल्याशिवाय कशालाही टेकत नाहीत. माझ्या लग्नात मंडपाचे खांबसुद्धा तपासले होते!

ते यायच्या आदल्या दिवशी आप्पा म्हणाले, "वरून व्हार्निशचा एक हात मारतो." तेल पुरतं मुरलेलं नव्हतं. सकाळी खुर्ची गुळासारखी चिकट! मी चादर घालायला गेले, तर आप्पांनी अडवलं.

"चादर नको. काम दिसू दे."

तेवढ्यात बाबा फाटकात. पांढराशुभ्र शर्ट.

"बसा व्याही!" आप्पांनी हात जोडले. मी सांगणार, तोवर बाबा खुर्चीपाशी पोचलेसुद्धा.

बाबांनी खुर्चीला बोटाची पाठ लावली. बोट पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आणि पाठ टेकून ऐसपैस बसले!

अर्ध्या तासानं निघायची वेळ झाली, तर उठता येईना! आप्पांचा चेहरा पांढराफटक. सासूबाईंच्या तोंडाला पदर.

"राहू दे, राहू दे," बाबा म्हणाले. "आता उठता येत नाही म्हटल्यावर काय करणार? पाणी आण गो. आणि जेवायला काय केलंयस?"