बाबांच्या बिल्ल्याचा खिळा

जुन्या गोष्टी मी मुद्दाम जपल्या नाहीत, त्या साठत गेल्या. मी सातवी शिकलेला माणूस, बोलणंही हळू. माझं वाक्य पुरं होईपर्यंत समोरच्याचा चहा संपतो. तरी इकडे आखातात, अल हैलला मुलाकडे राहायला आल्यापासून शुक्रवारी कुणी ना कुणी म्हणतंच, "काका, तुमच्या खाणीचं सांगा." एक गोष्ट सांगायला घेतली की मागच्या चार उठून बसतात. आणि सगळ्या फिरून एका खिळ्यापाशी येतात.

माझे वडील चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणीत होते. प्रत्येकाला नंबराचा पितळी बिल्ला असे. खाली उतरताना तो बत्तीघरात द्यायचा आणि बत्ती घ्यायची. वर आल्यावर बत्ती देऊन बिल्ला परत. घरी आले की बाबा तो दाराजवळच्या खिळ्याला टांगत. खिळा रिकामा म्हणजे बाबा खाली. शाळेतून आलो की मी आधी खिळा बघायचो, मग दप्तर ठेवायचो.

*

एकदा गावाहून आत्या आली आणि तिने त्या खिळ्याला आपली पिशवी अडकवली. आईने आयुष्यात आवाज चढवला नव्हता. तेव्हाही नाही चढवला. पिशवी काढून आत्याच्या हातात दिली. "वन्सं, भिंत सगळी तुमची. तेवढा खिळा सोडा."

आत्या चार दिवस राहिली. पिशवी मांडीवर घेऊनच.

*

भोंगा दिवसातून तीनदा व्हायचा, पाळी बदलताना. अवेळी झाला की खाली काहीतरी घडलं. एका सकाळी तो अवेळी झाला. साऱ्या लाईनीतल्या, म्हणजे कामगारांच्या चाळीतल्या, बायका चुली तशाच सोडून खाणीकडे धावल्या. आईचे हात पिठाचे, मी तिच्या पदराला धरून.

तिथे पोचलो तर नवे साहेब पाहुण्यांना भोंगा कसा वाजतो ते दाखवत होते.

शेजारच्या गंगूबाई धापा टाकत पुढे गेल्या. "साहेब, आता घरोघर जाऊन आमच्या भाकरी तुम्हीच उलटा."

*

बाबांच्या जोडीदाराचं नाव हनीफचाचा. एकदा बाबांच्या सुट्टीच्या दिवशी चाचांना सणकून ताप भरला. खाडा पडू नये म्हणून बाबा त्यांचा बिल्ला घेऊन त्यांच्या जागी खाली गेले. हे ठाऊक फक्त चाचांना आणि त्यांच्या बायकोला, कुलसुमचाचीला. आईला सांगितलं, "बाजारात जाऊन येतो." आपला बिल्ला खिळ्यालाच ठेवला.

दुपारी अवेळी भोंगा झाला. आत छत कोसळलं होतं. आईने खिळ्याकडे पाहिलं, बिल्ला होता. मग तिने कळशी आणि पेला घेतला आणि खाणीच्या तोंडाशी इतरांना धीर द्यायला गेली.

कुलसुमचाची कोपऱ्यात रडत होती. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "येतील गं हनीफभाई वर." चाची आणखीच रडायला लागली. आईचा हात काही सोडेना.

संध्याकाळी माणसं एकेक करून वर आली. शेवटून तिसरे बाबा. काळेकुट्ट, हातात चाचांच्या नंबराची बत्ती. आई पेला भरून उभी होती. बराच वेळ तिने तो पुढे केलाच नाही. मग म्हणाली,

"बाजारातून काय आणलंत?"

*

इथे आल्यावर मी दाराजवळ खिळा ठोकला. महेश, माझा मुलगा, साइट इंजिनिअर. त्याला म्हटलं, आलास की गळ्यातलं कार्ड इथे टांगायचं. सून स्नेहा हसली; माझ्या खाणीच्या गोष्टी तिला पाठ. "बाबा, भाड्याचं घर आहे. अर्बाब भिंत बघून ओरडेल."

अर्बाब, म्हणजे घरमालक, आला तेव्हा मोडक्या हिंदीत त्याला सगळं सांगितलं. त्याचे आजोबा समुद्रात होडीवर असत, घरचे अशीच वाट बघत. त्याने खिळा हलवून पाहिला आणि म्हणाला, "ढीला है. बड़ा लगाओ."

*

मागच्या महिन्यात डोंगराकडे पाऊस झाला. वादी म्हणजे एरवी कोरडी नदी. तिला पाणी आलं की रस्ता, गाडी काही उरत नाही. महेश सकाळीच पलीकडच्या साइटवर गेलेला. दुपारपासून फोन लागेना. स्नेहा खिडकीशी उभी राहून बंद फोनला विचारत होती, "महेश, कुठे आहेस तू?"

नात ईरा सात वर्षांची. तिचं मराठी अडखळत चालतं. खिळ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मम्मा, डोन्ट वरी. पप्पा वर आहे. कार्ड आहे ना."

घाईत तो कार्ड विसरून गेला होता.

मी उठलो. कार्ड काढून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. खिळा रिकामा केला आणि त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसलो.

सूर्य बुडाला, मगरिबची अजान झाली तेव्हा दार वाजलं. महेश. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात बूट. "पाणी उतरेपर्यंत अलीकडे येता येईना," म्हणाला. मी खिशातून कार्ड काढून पुढे केलं. त्याने ते खिळ्याला टांगलं.

स्नेहा स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा ग्लास घेऊन उभी होती. ती तो पुढे करेना.

"बाजारातून काय आणलंत?" ती म्हणाली.