बिजलीनं उकरलं नाही

साठ सालच्या आसपास मी अमरावतीच्या पोलीस कॅम्पात कुत्र्यांची स्वयंपाकीण म्हणून लागले. नवरा तिथेच डॉग हँडलर होता. तो तापानं गेला, म्हणून मला ही नोकरी मिळाली. शिक्षण चौथी. कागदावर मी शेवटपर्यंत स्वयंपाकीणच राहिले. पण नवऱ्याची अल्सेशियन कुत्री बिजली त्याच्यामागे दुसऱ्या कोणाचं ऐकेना, तेव्हा जमादारसाहेबांनी तिचा पट्टा माझ्या हातात दिला.

पाचला शिट्टी. सव्वापाचला मैदान. बस, ऊठ, शोध, थांब. चुकली की बांबूची छडी. नवरा असंच शिकवायचा, मीही तसंच शिकवलं. मार बसला की कुत्रं विसरत नाही, एवढं मला माहीत होतं. ते खरंच आहे.

बिजलीला जमीन उकरायची खोड होती. साहेबांच्या बंगल्यापुढचा शेवंतीचा वाफा तिनं दोनदा उकरला. जमादार म्हणाले, "बाई, तिसऱ्यांदा झालं तं कुत्रीही जाईन अन् तूही." मी तिला रोज वाफ्यापाशी नेलं. पंजा मातीला लागला की छडी मारली. आठ दिवसांत खोड गेली.

त्याच वर्षी पौषात आमची तुकडी अकोला जिल्ह्यात, तेल्हाऱ्याजवळच्या एका जत्रेत बंदोबस्ताला होती. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी एक माणूस सायकलवर आला. जवळच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची गंजी कोसळली होती. दोन बाया खाली होत्या. तीन पंचवीसला आमचा ट्रक पोचला.

गंजी घरापेक्षा उंच होती. मजूर खालून कापूस ओढत गेले होते, वरचा लोंबत राहिला आणि खाली आला. एक बाई कडेलाच होती, ती जिवंत निघाली. दुसरी सगुणा, एकोणीस वर्षांची. ती कुठे उभी होती, कोणाला सांगता येईना. मुकादम म्हणाला, फाटकाकडे. तिची आई तिथेच कामाला होती. ती म्हणाली, भिंतीकडे. आईचं कोणी मनावर घेतलं नाही.

"बिजलीले सोड," जमादारांनी हुकूम दिला.

सगुणाचं डोक्याचं फडकं मी बिजलीला हुंगवलं. ती गंजीवर चढली, एक फेरा मारला आणि भिंतीकडच्या कोपऱ्यात थांबली. पुढचा पंजा उचलला. माझ्या हाताकडे पाहिलं. हातात छडी होती. तिनं पंजा खाली ठेवला.

"काय म्हणते?"

"काही नाई साहेब. पाय रुतते, भेली."

"मंग फाटकाकडून लागा."

वीस जण टोपल्यांनी कापूस काढायला लागले. मी बिजलीला पुन्हा सोडलं. ती पुन्हा त्याच कोपऱ्यात गेली, पुन्हा पंजा उचलला, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी शिवी दिली आणि पट्टा ओढून तिला खाली आणलं.

पाच वाजून पाच मिनिटांनी आम्ही भिंतीपाशी पोचलो. सगुणा तिथेच होती. अंग गरम होतं. बोलावलेल्या डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि म्हणाले, जीव जाऊन फार वेळ झाला नाही.

कॅम्पात परतल्यावर जमादार रिपोर्ट लिहायला बसले. कुत्री निकामी, असा. मी सांगितलं, कुत्रीला जागा कळली होती. उकरायचं नाही, हे मीच तिला छडीनं शिकवलं होतं.

"हे लिवू? तुही नोकरी जाईन."

"लिवा."

त्यांनी ते लिहिलं नाही. निकामीही लिहिलं नाही. कुत्रीला नव्यानं शिकवायला पावसाळ्यापर्यंत मुदत दिली.

छडी मी चुलीत घातली. मटणाच्या रश्श्यात भिजवून वाळवलेले भाकरीचे तुकडे खिशात ठेवले. कापसाच्या ढिगात माझं लुगडं पुरायचं, तिला सोडायचं आणि हात उघडे ठेवून बसायचं. अकरा दिवस ती लुगड्यापाशी जाऊन पंजा उचलायची, माझ्या हाताकडे पाहायची आणि पंजा खाली ठेवायची. मी उठायचे नाही. शिपाई हसायचे. एकानं विचारलं, "वैनी, तुमी कुत्रीले शिकवून राह्यल्या का कुत्री तुमाले?"

"कुत्री मले," मी म्हटलं.

बाराव्या दिवशी तिनं एकदा नख लावलं आणि लगेच अंग चोरलं. मी भाकरी दिली. होळीपर्यंत ती दोन्ही पायांनी उकरून भुंकायला लागली. त्यानंतर माझ्या हाताखालच्या एकाही कुत्र्याला मार बसला नाही.

दिवाळीनंतर रजा घेऊन मी तेल्हाऱ्याला गेले. सगुणाची आई दारात होती. मी बसले नाही. झालं ते सगळं सांगितलं.

"कुत्रीले कळलं होतं?"

"हो."

"अन् तुले नाई कळलं."

"नाई."

शिव्या देईल म्हणून मी उभी राहिले. मग तिनं विचारलं, "आता उकरते का?"

"उकरते."

"मंग घेऊन येत जाय. जिन सुरू झालं. माही लहानी आता तिथंच जाते."

जमादारांकडून तेवढी परवानगी मी मिळवली. दर हंगामात दोनदा जायचे, पुढे जमादार आणि मुकादम बदलले तरी. बिजली सदुसष्टात म्हातारी होऊन गेली. सगुणा एकोणीस वर्षांची होती.