मुरांदे

माझी बायको सुभद्रा नव्या वस्तूला लगेच हात लावायची नाही. नवी साडी आणली तर आधी ट्रंकेत. नवी छत्री खुंटीला आणि ही जुनी गळकी घेऊन बाजाराला. कोणी टोचून बोललं तरी तिथल्या तिथे उत्तर नाही. विचारलं की एकच शब्द. "मुरांदे." म्हणजे मुरू दे. ती मालवणकडची. आम्ही चिपळूणचे, आमच्या घरात तिची बोली म्हणजे फुकटचा तमाशा. माझी धाकटी बहीण कुसुम मुद्दाम विचारायची, "काय गं वहिनी, मरांदे? आज कोणाला मारतेस?" आई पदर तोंडाला लावून हसायची. ही खाली मान घालून भाकरी थापत राहायची. लोक म्हणतात, सुभद्रा स्वभावाने शांत. लोकांना काय, वेळेवर भाकरी मिळाली की समोरचं माणूस शांतच दिसतं.

गोष्ट पन्नास सालानंतरची. आम्ही घाटकोपरला चाळीत, एक खोली आणि मोरी. मी विक्रोळीला कारखान्यात फिटर. तेव्हा चौपाटीच्या बाजूला मत्स्यालय नवंच उघडलं होतं. मी हिला घेऊन गेलो. एका काचेपुढे उभी राहिली ती हलेचना. शेवटी रखवालदार म्हणाला, "बाई, पुढे चला, मागे माणसं आहेत." बाहेर आल्यावर मला म्हणाली, "आमच्या विहिरीत पन मासे होते. मी वाकून बघी." एवढंच. मागितलं काही नाही. मागायची तिला सवयच नव्हती, आणि आमच्या घरात कोणी लावूही दिली नसती.

मी लोखंडी अँगलचे तुकडे जोडून सांगाडा केला, काचा बसवल्या, पाणी गळू नये म्हणून फटींत लांबी भरली. क्रॉफर्ड मार्केटातून चार सोनेरी मासे आणले, बरणीत घालून. चाळीत नुसता गोंधळ. समोरचे तात्या म्हणाले, "मालवणची माणसं मासे खायचे सोडून बघायला लागली, वाट लागली कोकणाची!" ही पहिल्यांदा मोठ्याने हसली. त्या खोलीत पातेल्यापासून पलंगापर्यंत सगळं आईचं होतं. ही काचेची पेटी तेवढी हिची.

दोन दिवस पाणी नितळ होतं. मग बिघडलं. तांदूळ धुतल्यावर येतं तसं पांढरं. मासे नुसते सावलीसारखे दिसायचे. झालं, सल्ले सुरू. कोणी म्हणे तुरटी फिरवा, कोणी म्हणे कोळसा टाका, कोणी म्हणे सगळं ओतून पुन्हा भरा. ही पेटीपुढे आडवी उभी राहिली. "पानी नवा आसा. मुरांदे. हात लावू नकात." तिच्या माहेरी विहीर उपसली की नवं पाणी असंच पांढरं यायचं. मग तिचा बाप कोणाला कळशी सोडू द्यायचा नाही. आपसूक निवळेपर्यंत थांबायचं. ही मोरीत एक कळशी भरून झाकून ठेवायची. पेटीतलं आटलं तर त्या शिळ्या पाण्यातलं तांब्याभर वरून घालायची. नळाच्या ताज्या पाण्याला औषधाचा वास येतो म्हणायची.

आईला हे सोसवेना. आमच्याकडे शिळं पाणी घरात ठेवत नाहीत. सकाळी हंडे उपडे करायचे, घासायचे, ताजं भरायचं. आई गावाहून मुंबईला राहायला आली ती हा नेम घेऊनच आली. त्यात रविवारी कुसुमला बघायला मुलुंडची मंडळी येणार होती. "दारातून शिरल्या शिरल्या हे पांढरं धुवण बघतील. काय म्हणतील?" आई म्हणाली.
"चादर घालू वर," ही म्हणाली.
"मयतावर घालतात तशी?" कुसुम फणकारली. "वहिनी, माझं जमायला नकोच आहे तुला."


रविवारी मी पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेलो. ही वाण्याकडे शेंगदाणे आणायला. परत आलो तर पेटी लखलखत होती. तळाची वाळूसुद्धा मोजून घ्यावी अशी. मला वाटलं, निवळलं बाबा एकदाचं, हिचं खरं झालं. मी हिच्याकडे बघितलं. पोह्यांच्या बशा हातात घेऊन उभी होती, आणि चेहरा असा की बशा माझ्याच हातातून पडतील की काय असं मला झालं.

मासे चारही वर आले होते. तोंड पाण्याबाहेर काढून उघडमीट करत होते. मुलाची आत्या म्हणाली, "अगंबाई, बोलतात की काय आमच्याशी!" मुलाचे वडील म्हणाले, "नमस्कार करतायत. मुलगी पसंत म्हणतायत!" सगळे हसले. कुसुम लाजली. ही बशा ठेवून मोरीत गेली. मी पाणी प्यायच्या निमित्ताने मागे गेलो. कळशी उपडी घालून ठेवली होती, घासून चकचकीत. शिळ्याचा थेंब राहिला नव्हता. आईने दारातून डोळे वटारले. ही पदराने तोंड पुसून बाहेर आली आणि आत्याबाईंना म्हणाली, "अजून थोडे घ्या ना. खोबरं घालू वर?" मासे मरत होते आणि ही पोह्यांवर खोबरं घालत होती. एक शब्द जास्त गेला असता तर जन्मभर ऐकावं लागलं असतं, कुसुमचं लग्न हिने मोडलं.

पाहुणे गेले. लग्न ठरलं. आई एवढी खूश की माझ्या हातावर साखर ठेवली. पेटीत चारही मासे आडवे. आई म्हणाली, "मी आपलं ताजं पाणी भरलं, चांगल्यासाठी. आणि सुनबाई, तूच म्हणत होतीस ना, मरांदे? मेले!" कुसुम हसून हसून खाली बसली. ही उठली. चहाच्या गाळणीने एकेक मासा काढला, कागदात गुंडाळला, चाळीमागच्या पेरूच्या झाडाखाली पुरून आली. मग संध्याकाळचा चहा केला. त्याच गाळणीने गाळला. आई प्याली, कुसुम प्याली, मीसुद्धा प्यालो. गाळणी धुतली का, ते मी विचारलं नाही.

त्या पेटीत तिने पुन्हा पाणी भरलं नाही. कांदे-बटाटे ठेवायला लागली. आई गेली, चाळ गेली, आम्ही स्टेशनपलीकडे दोन खोल्यांत आलो, तरी पेटी बरोबर. रंग उडालेला अँगल, आत कांदे. मी एकदा म्हटलं, दुसरे मासे आणतो. म्हणाली, "नको. आता कांदेच बरे. ते तोंड उघडत नाहीत."

तिचं तेरावं झालं त्याच संध्याकाळी कुसुम पदर खोचून उठली. आता तीही नातवंडांची आजी झालीय, पण हाताला स्वस्थता नाही. हिची ट्रंक उघडली, साड्यांचे ढीग केले, कोणाला कुठली द्यायची ते ठरवलं. घडी न मोडलेली एक निघाली तर म्हणाली, "बघ, वापरलीच नाही. वहिनी म्हणजे गायच. कधी तोंड उघडलं नाही." मग पेटीकडे वळली. कांदे खाली ओतले. "हे भंगारात दे दादा. खोली धुऊन काढू, रंग लाव, ताजं वाटेल बघ. आणि चल माझ्याकडे मुलुंडला. किती दिवस असा तोंड पाडून बसणार आहेस?"

मी म्हटलं, "मुरांदे."

"मरांदे?" कुसुमने कपाळाला हात लावला. "शुभ बोल रे दादा! आजच्या दिवशी कोणाला मरांदे म्हणतोस?"

मी खाली बसलो आणि कांदे पेटीत भरायला लागलो.