आखाजीचा झोका आणि एक खडा

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मला एकच स्फटिक हवा होता, पण धड. वर्षभर खपून बनवलेल्या पदार्थात अणू कसे मांडलेले आहेत, हे क्ष-किरणांनी बघायचं होतं. त्यासाठी रेणूंनी द्रावणातून सावकाश यावं, आधीच्यांशेजारी, त्याच बाजूला तोंड करून बसावं. धक्का लागला की रेणूंच्या जागोजागी वेगळ्या बैठका सुरू होतात आणि हाती येतो नुसता चुरा.

जळगावच्या खोलीवर उन्हानं द्रावण भराभर आटे, म्हणून साक्रीला आमच्या घरी, धाब्याच्या मातीच्या छताखालच्या गार कोनाड्यात बीकर मांडला. तळाशी साखरेच्या दाण्याएवढा खडा दिसला आणि माझी झोपच उडाली. सारखी उठून बघायची. ज्या मुलीला क्षणभर एका जागी बसवत नाही, तिनंच हा उद्योग निवडावा!

त्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली, आणि सासरहून अक्का, माझी थोरली बहीण. आखाजीला माहेरवाशिणीनं झोका घ्यायचाच. घरात धड तुळई एकच, नेमकी कोनाड्यावरची. आईनं तिलाच दोर बांधला. अक्का बसली, तुळई करकरली, बीकरमधलं पाणी थरथरलं.

"अक्का, उतर! मनं वरीस वाया जाई!" मी ओरडलेच.

"उतरस, उतरस," म्हणत ती झटकन उतरली. का म्हणून विचारलंही नाही. पदर सावरून भिंतीला लागून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "काही काम शे का?"

हीच अक्का झोक्यासाठी माझ्या वेण्या ओढायची. मला रडू आलं. तिला असं उतरायला शिकवणाऱ्यांचा संतापही आला.

"बैस," मी म्हणाले.

"आनि तुना खडा?"

"बैस ना, मी झोका देस."

ती अंग चोरून बसली. मी ढकलत राहिले, दर झोक्याला नजर बीकरकडे. जीव तुटत होता, पण हात थांबवले नाहीत. हळूहळू तिनं पाय लांब केले, मग गौराईचं गाणं धरलं, चांगलं खड्या आवाजात. ऊन कलेपर्यंत बीकरच्या तळाशी बारीक चुरा बसला होता. माझा खडा त्यात कुठला, ते कळेना.

"अक्का, आते उतर, मनी पाळी," मी म्हणाले.

"नही उतरस, जाय!" अक्का म्हणाली.