साडूने जुळवलेली चाकं

विमानाचा पाय वाकला त्या रविवारी मी सुरतेत नव्हतो. बायकोच्या मामेभावाच्या लग्नाला धुळ्याला गेलो होतो. सोमवारी परत आलो तर शेठचा फोन आला, "तेरा बनाया हुआ पैर बैठ गया." पाय वाकला किंवा तुटला असं तो म्हणाला नाही. बैठ गया म्हणाला, दमलेल्या बैलासारखा. ते 'तेरा बनाया हुआ' माझ्या मनात बरेच दिवस राहिलं.

शेठ सत्तरीचा गुजराती माणूस. आयुष्यभर कापड रंगवायची यंत्रं बनवली आणि कारखाना मुलांकडे सोपवल्यावर बमरोलीत एक शेड घेऊन त्यात दोन माणसं बसतील एवढं विमान बांधायला घेतलं. तरुणपणी तो विमान चालवायला शिकला होता. कागदपत्रांचं काम चालू होतं, तोवर उडायचं नाही, फक्त जमिनीवर पळवून बघायचं, असं त्याचं ठरलेलं. मी बाजूच्याच कारखान्यात लूमचा फिटर. एकदा त्याने शाफ्ट दुरुस्त करायला बोलावलं आणि मग मी दर रविवारी जायला लागलो ते चार वर्षं. इंजिनाचं स्टँड माझ्या हातचं, शेपटीचं चाक माझ्या हातचं, पुढच्या दोन चाकांचे पोलादी पाय माझ्या हातचे. शेडची दुसरी किल्ली माझ्याकडे असायची. कारखान्यात मला कोणी विचारत नसे, पण त्या शेडमध्ये शेठ प्रत्येक बोल्टला विचारायचा, "कसना है क्या?" आणि मी हो म्हटल्याशिवाय पाना हलत नसे.

नवे पाय त्याने बाहेरून मागवले. अॅल्युमिनियमचे, चकचकीत, हलके. ते जोडायचे म्हणजे नुसते बोल्ट मारायचे नव्हते. दोन्ही चाकं एकमेकांशी आणि विमानाच्या मधल्या रेषेशी बरोबर सरळ यायला हवीत. एकदा पायाला भोकं पाडली की पाडली. मी समजून चाललो होतो की हे काम माझं. पण शेठ म्हणाला, "इस बार तेरे साढू को बुला. उसकी नज़र बारीक है."

साडूची आणि शेठची ओळख मीच करून दिली होती. हा माझ्या मेहुणीचा नवरा. राहायला गोडादऱ्यात, कामाला कतारगामला. हिरे घासायच्या ज्या गोल चकत्या असतात त्या बसवून सरळ फिरवायचं त्याचं काम. चकती केसाएवढी हलली तरी हिऱ्याला खोट येते, म्हणून त्याच्याकडे सुईचं मीटर असतं आणि ते तो तान्ह्या मुलासारखं कापडात गुंडाळून नेतो. वयाने माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान, बोलायला गोड, आणि आमच्या घरी त्याचं नाव निघालं की बायकोचा आवाज बदलतो. "पाव्हण्यांना नवी मशीन बसवायला राजकोटला विमानाने नेलं," असं ती भाकरी थापता थापता सांगते. मी विमान बांधतो हे तिला कधी सांगण्यासारखं वाटलं नाही.

रविवारी तो आला. विमान आम्ही दोन लाकडी घोड्यांवर उचलून ठेवलं होतं, चाकं जमिनीपासून वीतभर वर. त्याने पुढून आणि शेपटीकडून ओळंबे सोडले, त्यांची टोकं जिथे आली तिथे फरशीवर खुणा केल्या, आणि खडू लावलेली दोरी ताणून मधली रेष मारली. मग दोन्ही चाकांना लांब सरळ अँगल बांधले आणि रेषेपासून अँगलच्या पुढच्या टोकाचं आणि मागच्या टोकाचं अंतर मोजायला लागला. पुढचं आणि मागचं सारखं आलं की चाक सरळ.

"अरे, तू टेप पकड ना," शेठ मला म्हणाला.

चार वर्षांनी मी टेपचं टोक धरून फरशीवर उकिडवा बसलो. साडू आकडा वाचायचा, शेठ वहीत लिहायचा. "वा भाई," शेठ मधून मधून म्हणायचा. हे "वा भाई" माझं होतं. दुपारपर्यंत दोन्ही बाजूंना पुढचा आणि मागचा आकडा अगदी सारखा आला. साडूने चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "झालं शेठ. आता भोकं मारू."

मला माहीत होतं की झालेलं नाही.

पोलादी पाय बसवताना मी हीच चूक केली होती. घोड्यांवर सगळं सरळ दिसतं, कारण पायांवर वजनच नसतं. विमान खाली उतरवलं की वजनाने पाय बाहेर पसरतात आणि चाकांची तोंडं फिरतात. तेव्हा शेठ आठवडाभर मुलीकडे बडोद्याला गेला होता. मी एकटाच डोकं खाजवत बसलो आणि शेवटी प्रत्येक चाकाखाली दोन दोन पत्रे ठेवले, मध्ये ग्रीस लावून. चाकं मोकळी सरकली, पाय जसे बसायचे तसे बसले, आणि मग मोजून मी ती सरळ केली. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. कारागिराकडे एखादी गोष्ट स्वतःपुरती असावी, असं मला वाटायचं. साडूचं सगळं काम फरशीला घट्ट आवळलेल्या यंत्रांवर. वाकणारी, दबणारी वस्तू त्याच्या हाताखाली कधी आलीच नव्हती.

त्याने ड्रिल हातात घेतलं. माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "साडूभाऊ, बरोबर आहे ना?"

मी म्हणालो, "तुम्ही मोजलंय म्हणजे बरोबरच असणार."

ड्रिल सुरू झालं. अॅल्युमिनियमचा चकचकीत भुगा फरशीवर पडायला लागला. मला आत गोड वाटलं, ते मी आज नाकारत नाही. आता याचं चुकेल आणि शेठला कळेल, एवढाच विचार होता. माणूस आत बसणार आहे हा विचार आलाच नाही असं नाही. आला. पण मी स्वतःला म्हटलं, जमिनीवरच तर पळवायचंय.

पुढच्या रविवारी विमान पंख काढून ट्रकवर घालून ओलपाडच्या बाजूला नेलं. तिथे शेठच्या ओळखीच्या माणसाच्या खाऱ्या जमिनीवर रोलर फिरवून लांब पट्टी केलेली होती. पंख जोडले. शेठ आत बसला. मी पंखाजवळ उभा होतो. डोक्यावरची काच बंद करायच्या आधी त्याने मला विचारलं, "सब ठीक?" मी तोंड उघडलं. बाजूलाच साडू उभा होता, नवा शर्ट घालून, मोबाईल वर धरून चित्रण करत. मी म्हणालो, "ठीक."

हळू गेलं तोवर नीट गेलं. परत फिरून त्याने वेग वाढवला, शेपटी उचलली गेली, आणि मग विमान जरासं डावीकडे वळलं. चाकांची नाकं आत वळलेली असली की असं होतं. विमान थोडं वळलं की ज्या चाकावर भार जातो ते त्याला आणखी त्याच बाजूला ढकलतं. बघता बघता ते गर्रकन फिरलं, पट्टीबाहेर गेलं आणि उजव्या पंखाचं टोक जमिनीला घासत गांडो बावळाच्या, म्हणजे वेड्या बाभळीच्या, झुडपात जाऊन थांबलं.

मी धावलो. एवढा मी कधी धावलो नसेन. काच उघडली तर शेठ डावं मनगट धरून बसला होता, कपाळावर टेंगूळ, चेहरा पांढरा. इंजिन त्याने बंद केलं होतं. "निकालो," एवढंच म्हणाला. आम्ही दोघांनी त्याला काखेत हात घालून बाहेर काढलं. मी एकच गोष्ट मनात म्हणत होतो, जिवंत आहे, जिवंत आहे.

साडू चाकांजवळ गुडघ्यावर बसला, वाकून पुढून बघितलं, मग मागून बघितलं. उठला आणि शेठसमोर येऊन हात जोडले. "शेठ, गलती मेरी है. वजन के नीचे पहिया अंदर मुड़ गया. मैंने ऊपर रख के नापा."

एका नजरेत त्याला कळलं होतं.

शेठने मनगट सोडलं. मग चांगल्या हाताने त्याच्या खांद्यावर थोपटलं. "मालूम पड़ गया ना? तो आधा काम हो गया."

मला तेव्हा लाज वाटायला हवी होती. वाटलीही, पण नंतर. आधी वाटला तो हेवा. मी बनवलेला पाय वाकला तेव्हा शेठने मला असं थोपटलं नव्हतं. या माणसाची चूकसुद्धा माझ्या चार वर्षांपेक्षा वर गेली, असं वाटलं.

मनगट मुरगळलं होतं, हाड शाबूत होतं. तीन दिवसांनी संध्याकाळी साडू आमच्या घरी आला. बायकोने पाणी दिलं, चहा ठेवायला आत गेली. तो माझ्याशी नेहमी सुरतेचं मराठी बोलतो, त्यात हिंदी, गुजराती सगळं असतं. त्या दिवशी तो गावाकडचं, अहिराणी बोलला. आवाज खाली आणून.

"साडूभाऊ, तुमले माहीत व्हतं ना?"

त्याला कसं कळलं असेल? जुने पाय शेडच्या कोपऱ्यात पडले होते. त्याने ते पाहिले असणार, कोपऱ्यातले ग्रीस लागलेले चार पत्रे पाहिले असणार. तो बारीक नजरेचा माणूस.

"व्हतं," मी म्हणालो.

"मंग बोलनात का बरं नही?"

आतून बायकोचा कपबशांचा आवाज येत होता. मोठ्या साडूने धाकट्याला कसं सांगायचं, की तुझं कौतुक माझ्या घरात, माझ्या शेडमध्ये, माझ्या शेठच्या तोंडात मला सहन होत नाही? मी म्हणालो, "मन नाही झालं."

चहा आला, तो प्याला, मेहुणीची चौकशी झाली, तिच्या गुडघ्याचं झालं. उठताना दारात म्हणाला, "रविवारी या. ते पत्र्यांचं कसं करता ते दाखवा मला."

मी दाखवलं. प्रत्येक चाकाखाली दोन पत्रे, मध्ये ग्रीस. आत सीटवर शेठच्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवली. विमान थोडं पुढे-मागे हलवलं तसे पाय हलकेच पसरले आणि चाकं पत्र्यांवर सरकून थांबली. मग मोजलं. पुढच्या टोकांतलं अंतर मागच्यापेक्षा अकरा मिलिमीटरने कमी. भोकं तर पडली होती, म्हणून पाय आणि चाकाचा दांडा यांच्यामध्ये पातळ पाचर घालायची ठरली. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला निमुळती, म्हणजे चाकाचं नाक तेवढं बाहेर वळेल. पाचरी मी कानशीने घासल्या. पहिली जोडी साडूने आपल्या सुईच्या मीटरखाली धरली आणि नाही म्हणून मान हलवली. दुसरीलाही हलवली. मला ते मीटर उचलून भिंतीवर मारावंसं वाटत होतं. तिसरी जोडी धरली तेव्हा तो म्हणाला, "हा हात माझ्याकडे नाही, साडूभाऊ. मशीनशिवाय एवढं सपाट मला येणार नाही." तो खरं बोलत होता. मला मात्र तेही आवडलं नाही. हेवा असलेल्या माणसाला कौतुकही टोचतं.

त्याने शेठला काहीच सांगितलं नव्हतं. आठवडा गेला, दुसरा गेला. तो सांगेल म्हणून मी आधी घाबरलो आणि तो सांगत नाही म्हणून मग मन जास्त जड झालं. शेवटी पंखाचं टोक दुरुस्त करून झालं त्या दुपारी साडू घरी गेल्यावर मीच शेठला सांगितलं. भोकं मारायच्या वेळी मला माहीत होतं, पट्टीवर काच बंद करायच्या आधीही माहीत होतं, सगळं.

शेठ स्टुलावर बसला होता. मनगटाचा पट्टा नुकताच निघाला होता. त्याने विचारलं, "और मुझे ज़्यादा लग जाता तो?"

मी हातातला पाना बाकावर ठेवला.

"किल्ली दे," तो म्हणाला.

मी खिशातली किल्ली काढून त्याच्या हातात ठेवली. पुढच्या रविवारी ती साडूच्या कमरेला होती. मला शेठने ये म्हटलं नाही आणि येऊ नको असंही म्हटलं नाही. मी गेलो. दोन रविवार तो माझ्याशी कामापुरतंही बोलला नाही, जे सांगायचं ते साडूमार्फत. तिसऱ्या रविवारी एक बोल्ट हातात धरून त्याने माझ्याकडे वळून विचारलं, "कसना है क्या?" मला कळेना की हसावं का रडावं. "हां," म्हणालो.

दिवाळीनंतर विमान पुन्हा पट्टीवर नेलं. दुसऱ्या सीटवर कोणी तरी बसून चाकांकडे लक्ष ठेवायचं होतं. शेठ म्हणाला, "साढू बैठेगा." मला पट्टीच्या टोकाशी आग विझवायचा लाल बाटला घेऊन उभं केलं. विमान सरळ आलं. शेपटी उचलली, वेग वाढला, आणि सुतासारखं सरळ माझ्या समोरून निघून गेलं. चाकं माझ्या पाचरींवर पळत होती आणि काचेमागे त्याचा हसरा चेहरा दिसला.

परत येताना मी त्याच्या मोटरसायकलवर मागे बसलो. ओलपाड मागे पडलं. मग मीच विचारलं, "आतून कसं वाटलं?"

तो सांगायला लागला. शेपटी उचलल्यावर समोरची जमीन एकदम कशी दिसते, खडखडाट कमी होत होत कसा जातो, शेठचे पाय खाली पेडलवर कसे सारखे हलत असतात. वाऱ्याने अर्धं उडून जायचं, मी "काय?" म्हणायचो, तो पुन्हा सांगायचा. पांडेसऱ्याच्या गर्दीत थांबला तरी सांगत होता. आमच्या गल्लीत गाडी बंद केली तरी त्याचं सरत नव्हतं. बायकोने दारातूनच हाक मारली, "पाव्हणे, जेवूनच जा." तो आत गेला आणि तिला पहिल्यापासून सांगायला लागला. मी मोरीत हातावरचं ग्रीस साबणाने घासत उभा राहिलो आणि ते सगळं दुसऱ्यांदा ऐकलं.